भारत-इंडोनेशिया : कागदाच्या निर्यातीमागचे राजकारण

आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वर्गीकरणात ४८ क्रमांकाचे प्रकरण कागद व पुठ्ठ्याचे आहे. पोलाद, औषधे किंवा तेल शुद्धीकरण यांसारखे वलय या प्रकरणाला नाही. संसदेत त्यावर क्वचितच चर्चा होते. दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयात मात्र गेली दहा-पंधरा वर्षे या प्रकरणाच्या फायली सतत हलत आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींत एका देशाचे नाव हमखास आढळते, ते म्हणजे इंडोनेशिया. देशातील मोठ्या कागद उद्योगाला इंडोनेशियाची भीती वाटते आणि हेवाही वाटतो. तिकडून येणाऱ्या स्वस्त मालावर शुल्क लावा ही त्याची एक मागणी. तिकडच्या सरकारने आपल्या कारखानदारांना जशी जमीन दिली तशी पडीक वनजमीन आम्हालाही भाडेपट्ट्याने द्या, ही दुसरी. दोन्ही मागण्यांच्या समर्थनार्थ दोन देशांच्या निर्यातमूल्याचे आकडे पुढे केले जातात. ते आकडे नीट वाचले तर पहिल्या मागणीत काही तथ्य आढळते. दुसरीच्या बाबतीत मात्र तेच आकडे उद्योगाच्या विरोधात साक्ष देतात.

आधी ढोबळ चित्र पाहू. या शतकाच्या आरंभी इंडोनेशियाची कागद व पुठ्ठ्याची वार्षिक निर्यात दोन अब्ज डॉलरच्या घरात होती. भारताची निर्यात तिच्या एक-दशांशाच्या आसपास होती. २०१० पर्यंत इंडोनेशियाने चार अब्ज डॉलरची पातळी गाठली. त्यानंतर मात्र तिचा आलेख सपाट झाला. मधल्या काही वर्षांत तो खाली आला, पुन्हा वर गेला, परंतु दशकभरानंतरही तो चार अब्जांच्या आसपासच घुटमळत राहिला. भारताचा आलेख याच्या नेमका उलट आहे. तो प्रदीर्घ काळ जमिनीलगत राहिला आणि २०१६ नंतर एकदम वर चढला. २०१६-१७ मध्ये ३,०४१ कोटी रुपयांची असलेली निर्यात २०२१-२२ मध्ये १३,९६३ कोटी रुपयांवर गेली. त्या वर्षीच्या विनिमयदराने ही रक्कम १.९ अब्ज डॉलरच्या जवळपास भरते. वर्गीकरणात तयार खोकी व कागदी वस्तू धरल्या की नाही यानुसार आकडे थोडेफार बदलतात. तरीही वीस वर्षांपूर्वी दशांश असलेला देश निम्म्याजवळ पोहोचला हा निष्कर्ष ढळत नाही. हे यश कशाने मिळाले आणि इंडोनेशियाचा चढ कशाने थांबला, हे पाहिल्याशिवाय धोरण ठरवता येणार नाही.

सुहार्तोकालीन पाया

इंडोनेशियाच्या कागद उद्योगाची पायाभरणी जनरल सुहार्तो यांच्या राजवटीत झाली. देशाच्या भूभागापैकी सुमारे दोन तृतीयांश भाग कायद्याने 'वनक्षेत्र' ठरवण्यात आला होता आणि त्यावर सरकारची मालकी होती. १९८५ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घालून लाकडावर देशातच प्रक्रिया झाली पाहिजे असे धोरण आखले गेले. हे धोरण चुकीचे नव्हते. तथापि, त्याची अंमलबजावणी राजवटीच्या मर्जीतील मोजक्या उद्योगसमूहांच्या हाती गेली. सुमात्रा व कालिमांतान येथील लाखो हेक्टर जमीन त्यांना दीर्घ मुदतीच्या परवान्यांनी मिळाली. लागवडीसाठी 'पुनर्वनीकरण निधी'तून स्वस्त पैसा मिळाला. याच निधीतील रक्कम १९९४ मध्ये सरकारी विमाननिर्मितीच्या प्रकल्पाकडे वळवण्यात आली होती, यावरून त्याच्या वापराला किती शिस्त होती याची कल्पना यावी.

या मुशीतून दोन प्रचंड उद्योग उभे राहिले. एका बाजूला एका तिजिप्ता विजाया यांचा सिनार मास समूह आणि त्याची एशिया पल्प अँड पेपर ही शाखा. दुसऱ्या बाजूला सुकान्तो तानोतो यांचा समूह, ज्याचा लगद्याचा महाकाय कारखाना रिआउ प्रांतात १९९५ मध्ये सुरू झाला. विषुववृत्तीय पावसात अकेशियाची झाडे पाच-सहा वर्षांत तोडणीयोग्य होतात. फिनलंड किंवा कॅनडात याच कामाला काही दशके लागतात. जमीन जवळपास फुकट, झाड झपाट्याने वाढणारे आणि कारखाना नदीकाठी, बंदराला जोडलेला. १९९७-९८ च्या आशियाई संकटात रुपिया कोसळला तेव्हा खर्च रुपियात आणि विक्री डॉलरमध्ये असलेल्या या उद्योगाला निर्यातीचे नवे बळ मिळाले.

परंतु कर्जेही डॉलरमध्येच होती. मार्च २००१ मध्ये एशिया पल्प अँड पेपरने सुमारे १३.९ अब्ज डॉलरच्या कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. विकसनशील देशांतील खासगी कंपनीच्या कर्जबुडवेगिरीचे ते त्या काळातील सर्वांत मोठे उदाहरण मानले गेले. त्या पडझडीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे सिनार मासने उभारलेला कोटेड कागदाचा कारखाना त्याच वर्षी बल्लारपूर इंडस्ट्रीजने विकत घेतला. पुढे २००७ मध्ये याच बल्लारपूर कंपनीने मलेशियातील साबा येथील कारखाना घेतला, तो तेथील लाकडावर डोळा ठेवून. भारतीय कंपनीला लगद्यासाठी बोर्निओ बेटावर जावे लागावे यातच भारतीय उद्योगाचे मूळ दुखणे आहे. ती खरेदी बल्लारपूरला पेलली नाही आणि कर्जाच्या ओझ्याखाली कंपनीच दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, हा पुढचा इतिहास आहे.

भारताची वेगळी वाट

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन दशकांत भारतातही कागद कारखान्यांना सरकारी जंगलातील बांबू नाममात्र दराने दिला जात होता. बुरूड समाजाला जो बांबू बाजारभावाने विकत घ्यावा लागे, तोच कारखान्याला जवळपास फुकट मिळे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात कर्नाटकातील बांबूच्या ऱ्हासाचा जो अभ्यास केला, त्यातून या सवलतीची किंमत जंगलाने कशी मोजली हे स्पष्ट झाले. १९८० चा वनसंरक्षण कायदा आणि १९८८ चे राष्ट्रीय वनधोरण यांनी हे पर्व संपवले. उद्योगाने आपला कच्चा माल शेतकऱ्यांच्या सहकार्याने पिकवावा, त्याला सवलतीच्या दराने वनोपज मिळणार नाही, असे या धोरणाने बजावले.

उद्योगाने त्या वेळी बरीच ओरड केली. मात्र याच सक्तीमुळे आंध्र, तेलंगणा, ओडिशा, तामिळनाडू या राज्यांत सुबाभूळ, निलगिरी आणि सुरू यांची शेतावरील लागवड वाढली. भद्राचलमजवळील सारपाका येथील आयटीसीच्या कारखान्याने सुधारित रोपे शेतकऱ्यांना पुरवण्यास सुरुवात केली. इतर मोठ्या कारखान्यांनीही तोच मार्ग धरला. आज लाकडावर चालणाऱ्या कारखान्यांचा बहुतांश पुरवठा जंगलातून होत नाही, तो शेतातून होतो. हा बदल सरकारी अनुदानाने झालेला नाही. तो जंगलाचे दार बंद झाल्याने झाला, ही बाब विसरता कामा नये.

अर्थात या वाटेलाही मर्यादा आहेत. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे. एवढ्याशा जमिनीत चार-पाच वर्षे उत्पन्नाची वाट पाहणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही आणि भाव पडल्यास त्याला आधार देणारी व्यवस्था नाही. त्यामुळे लाकूड महाग पडते, लगदा महाग पडतो आणि इंडोनेशियाच्या मालापुढे भारतीय छपाईचा कागद व पांढरा पुठ्ठा टिकत नाही. सार्वजनिक क्षेत्राने तर या लढाईतून केव्हाच अंग काढून घेतले. आसाममधील काछाडचा कारखाना २०१५ मध्ये आणि नगाँवचा २०१७ मध्ये बंद पडला. बांबूने समृद्ध असलेल्या प्रदेशातच बांबूवर चालणारे कारखाने बंद पडावेत, यापेक्षा धोरणशून्यतेचा मोठा पुरावा कोणता असू शकेल?

रद्दीचे अर्थकारण

मग २०१६ नंतरची झेप आली कोठून? भारताच्या कागद उत्पादनाचा सुमारे सत्तर टक्के भाग लाकडापासून बनत नाही, तो रद्दीपासून बनतो. दिल्लीहून काही तासांच्या अंतरावरील मुझफ्फरनगर, उत्तराखंडातील काशीपूर, गुजरातेतील वापी व मोरबी ही या उद्योगाची केंद्रे आहेत. येथील लहान-मध्यम कारखाने जुन्या खोक्यांपासून आणि काही ठिकाणी उसाच्या चिपाडापासून तपकिरी क्राफ्ट कागद बनवतात. चीनने २०१७ पासून परदेशी रद्दीवर निर्बंध आणण्यास सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२१ पासून घन कचऱ्याची आयात पूर्णपणे थांबवली. तेथील पुठ्ठा कारखान्यांना तंतू तर हवेच होते. ते रद्दीच्या रूपाने आणता येईनात, म्हणून कागदाच्या रिळांच्या रूपाने आणण्याचा मार्ग त्यांनी शोधला. अमेरिका व युरोपातील जुनी खोकी भारतीय बंदरांत उतरू लागली आणि त्यांचा क्राफ्ट कागद होऊन तो चीनकडे निघाला. देशातील खोकी बनवणाऱ्या लघुउद्योगांना कच्चा माल मिळेना. त्यांनी क्राफ्ट कागदाच्या निर्यातीवर बंदीची मागणी केली, ती याच काळात.

याला जोड मिळाली ती २०२१-२२ मधील जागतिक टंचाईची. महासाथीनंतर मागणी उसळली, कंटेनर मिळेनासे झाले, युरोपातील अनेक यंत्रे बंद पडली किंवा छपाईच्या कागदाकडून पुठ्ठ्याकडे वळवली गेली. आखाती देश, बांगलादेश, श्रीलंका येथील खरेदीदार भारताकडे वळले. त्या वर्षी लिहिण्या-छपाईच्या आणि कोटेड कागदाच्या निर्यातीतही मोठी वाढ झाली.

मूल्याचे आकडे फसवतात ते नेमके येथे. २०१६-१७ मध्ये भारताने ६.६ लाख टन कागद निर्यात केला. २०२१-२२ मध्ये तो २८.५ लाख टन झाला. मूल्यातील वाढ साडेचार पटींची, तर वजनातील वाढ सव्वाचार पटींहून किंचित अधिक. भागाकार केला तर प्रतिटन प्राप्ती सुमारे ४६,००० रुपयांवरून ४९,००० रुपयांवर गेली, असे दिसते. पाच वर्षांतील ही वाढ जेमतेम सहा टक्क्यांची आहे. त्याच काळात डॉलर ६७ रुपयांवरून साडेचौऱ्याहत्तर रुपयांच्या आसपास गेला. म्हणजे डॉलरच्या हिशेबात एका टनामागे मिळणारी रक्कम सुमारे ६८५ वरून ६५५-६६० पर्यंत घसरली. तीही जगभर कागदाचे भाव कडाडलेले असताना. याचा अर्थ भारताने अधिक माल विकला, परंतु तो अधिक किमतीचा माल नव्हता. दुसऱ्याच्या रद्दीवर मजुरी करून मिळालेल्या उत्पन्नाचा मोठा वाटा या यशात आहे. ही मजुरी तुच्छ नाही. हजारो कामगारांची चूल तिच्यावर पेटते. परंतु चीनच्या एका नियमावर उभी राहिलेली निर्यात त्याच देशाच्या दुसऱ्या नियमाने आडवी होऊ शकते, हे भान सुटता कामा नये.

टंचाई ओसरताच चित्र पालटलेही. २०२२-२३ मध्ये सुमारे १४.४ लाख टन असलेली भारताची कागद आयात २०२३-२४ मध्ये १९.३ लाख टनांवर गेली आणि पुढच्या वर्षी तिने २० लाख टनांचा टप्पा ओलांडला. निर्यातवाढीचा जल्लोष करणारा उद्योग आयातीच्या महापुराची तक्रार घेऊन पुन्हा दिल्लीच्या दारात उभा राहिला.

इंडोनेशियाचा आलेख का थांबला?

तेवढाच महत्त्वाचा प्रश्न इंडोनेशियाविषयी आहे. इतकी नैसर्गिक अनुकूलता असताना तिची कागद निर्यात २०१० नंतर का थबकली? एक कारण बाजाराचे आहे. संगणक व मोबाइलमुळे छपाईच्या कागदाची मागणी श्रीमंत देशांत घटली आणि इंडोनेशियाचा भर नेमका त्याच मालावर होता. दुसरे कारण चीनचे. सिनार मास समूहाचेच मोठे कागद कारखाने चीनमध्ये आहेत. त्यामुळे इंडोनेशियात लगदा करायचा आणि कागद चीनमध्ये बनवायचा ही विभागणी समूहाला सोयीची ठरली. दक्षिण सुमात्रात २०१६ अखेरीस सुरू झालेल्या ओकेआय या प्रचंड कारखान्याने लगद्याची निर्यात वाढवली. म्हणजेच कागदाच्या आलेखातील ठहराव हा काही अंशी लगद्याच्या आलेखातील चढ आहे. १९८५ मध्ये ओंडक्यांची निर्यात थांबवून मूल्यवृद्धी देशातच करू, असे म्हणणारा देश चाळीस वर्षांनी कागदाऐवजी लगदा विकण्यात धन्यता मानू लागला, हा त्या धोरणाचा पराभवच म्हटला पाहिजे.

तिसरे कारण परदेशी शुल्कांचे. अमेरिकेने २०१० मध्ये इंडोनेशियाच्या कोटेड कागदावर आणि २०१६ मध्ये साध्या कागदावर अवपातनविरोधी व अनुदानविरोधी शुल्क लावले. सरकारी जंगलातील स्वस्त लाकूड हेच अनुदान आहे, हा अमेरिकेच्या युक्तिवादाचा गाभा होता. इंडोनेशियाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. डिसेंबर २०१७ मध्ये तेथील तज्ज्ञ समितीने निर्णय दिला तो अमेरिकेच्या बाजूने.

चौथे कारण सर्वांत गंभीर. अकेशियाच्या लागवडीसाठी सुमात्रातील दलदलीच्या पीटभूमीत कालवे खणून पाण्याचा निचरा करण्यात आला. वाळलेली पीट पेटली की विझत नाही. २०१५ च्या वणव्यांत सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. जागतिक बँकेने या हानीचा अंदाज १६ अब्ज डॉलरहून अधिक, म्हणजे देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.९ टक्के, असा वर्तवला. सर्व वणवे कागद कंपन्यांच्या जमिनींवर लागले नव्हते. पाम तेलाची लागवड आणि लहान शेतकऱ्यांची जाळपोळ यांचाही त्यात वाटा होता. तरीही प्रमाण लक्षात घ्यावे. एका हंगामातील हानी देशाच्या संपूर्ण वार्षिक कागद निर्यातीच्या जवळपास चौपट होती. निर्यातमूल्याच्या कोणत्याही तक्त्यात ही रक्कम वजा केलेली नसते. सिंगापूरच्या आकाशात धूर साचला तेव्हा तेथील दुकानांनी या समूहाचा माल फळ्यांवरून काढून टाकला. नैसर्गिक जंगल न तोडण्याची घोषणा सिनार मासने २०१३ मध्ये व तानोतो समूहाने २०१५ मध्ये केली. ती अशा दबावाशिवाय झाली नसती.

जमिनीच्या मालकीचा प्रश्नही मिटलेला नाही. परंपरागत समाजांची जंगले ही सरकारी जंगले नव्हेत, असा निर्वाळा इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. भारताने २००६ च्या वनहक्क कायद्याने हेच तत्त्व आधीच मान्य केले होते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने एप्रिल २०११ मध्ये बांबू विक्रीचा हक्क मिळवला तेव्हा कारखान्याच्या दारात हात पसरणारे गाव कारखान्याशी भाव ठरवणारे झाले. पडीक वनजमिनीच्या भाडेपट्ट्याची मागणी करणाऱ्यांनी या दोन घटनांचा एकत्रित विचार करावा. सरकारी कागदावर 'पडीक' असलेली बरीच जमीन कोणाच्या तरी गुरांचे चरण्याचे रान असते.

दिल्लीपुढील पर्याय

शुल्काच्या मागणीत मात्र तथ्य आहे. आसियानशी झालेला वस्तुव्यापार करार २०१० मध्ये लागू झाला आणि टप्प्याटप्प्याने बहुतेक कागदावरील आयातशुल्क शून्यावर आले. सरकारी जमिनीच्या आधारे बनलेला लगदा आणि शेतकऱ्याकडून बाजारभावाने घेतलेल्या लाकडाचा लगदा यांना एकाच मापाने तोलणारा हा करार मुळातच एकांगी होता. त्यावर दिल्लीने आजवर केलेले उपाय तुकड्यातुकड्यांचे आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियासह काही देशांच्या कॉपियर कागदावर अवपातनविरोधी शुल्क लावले. ऑक्टोबर २०२२ पासून कागद आयातीसाठी नोंदणी सक्तीची केली. ऑगस्ट २०२५ मध्ये बहुस्तरीय पांढऱ्या पुठ्ठ्यासाठी प्रतिटन ६७,२२० रुपयांची किमान आयात किंमत ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या मुदतीने ठरवली. अशा प्रत्येक उपायाची झळ औषधांची व खाद्यपदार्थांची खोकी बनवणाऱ्या लहान छपाईवाल्यांना बसते, कारण त्यांचा कच्चा माल महागतो. वृत्तपत्रेही या वादात तटस्थ नाहीत. २०१९ च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर दहा टक्के आयातशुल्क लागले तेव्हा सर्वांत मोठा आवाज त्यांचाच होता आणि पुढच्याच वर्षी ते पाच टक्क्यांवर आले.

शिवाय इंडोनेशियाशी बोलताना दिल्लीचे हात काहीसे बांधलेले असतात. कोळसा आणि पाम तेल यांसाठी भारत त्या देशावर अवलंबून आहे. एप्रिल २०२२ मध्ये जकार्ताने पाम तेलाची निर्यात अवघे काही आठवडे थांबवली आणि भारतीय स्वयंपाकघरात त्याचा चटका जाणवला. पाम तेलाच्या व कागदाच्या धंद्यात तेथे तेच समूह प्रमुख आहेत. संरक्षण व सागरी सहकार्याचे नवे पर्व सुरू आहे. २०२५ च्या प्रजासत्ताक दिनाला राष्ट्राध्यक्ष प्राबोवो सुबियान्तो प्रमुख पाहुणे होते. या साऱ्यात कागदाचा क्रमांक खालचा लागणार हे उघड आहे. म्हणूनच सुटे शुल्क लावत बसण्यापेक्षा आसियान कराराच्या फेरआढाव्यात लाकडाच्या सरकारी अनुदानाचा मुद्दा उपस्थित करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. २०१७ चा जागतिक व्यापार संघटनेतील निवाडा त्यासाठी हाताशी आहे.

त्याहून मोठी संधी युरोपात आहे. जंगलतोडीशी संबंधित मालाला मज्जाव करणारा नियम युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला. त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली असली, तरी त्यातून रद्दीपासून व बांबूपासून बनलेला कागद वगळण्यात आला आहे. या दोन्ही गोष्टींत भारताची बाजू इंडोनेशियापेक्षा सरस आहे. बिगरवनक्षेत्रातील बांबू २०१७ च्या कायदादुरुस्तीने 'झाड' या व्याख्येतून मुक्त झाला आहे. घरोघरची रद्दी मात्र ओल्या कचऱ्यात मिसळून वाया जाते आणि आपण तीच परदेशातून डॉलर मोजून आणतो. रद्दी संकलनाची शिस्तबद्ध व्यवस्था, शेतावरील लाकडासाठी किमान भावाचा करार आणि २०१४ च्या कृषिवनीकरण धोरणाला पुरेसा पैसा ही तीन कामे झाली, तर वजनाबरोबर प्रतिटन मूल्यही वाढेल.

२०२३ मध्ये सिनार मास समूहाच्या कंपनीला महाराष्ट्र सरकारने रायगड जिल्ह्यात कागद प्रकल्पासाठी जमीन देऊ केली. बंदराजवळच्या जागेची निवड पाहता लगदा समुद्रमार्गे येण्याची शक्यताच अधिक दिसते. तसे झाल्यास निर्यातीच्या तक्त्यात भारताचा आकडा फुगेल, पण सुबाभूळ लावणाऱ्या शेतकऱ्याच्या आणि रद्दी वेचणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले फारसे काही पडणार नाही. असे प्रकल्प मंजूर करताना देशी लाकूड व देशी रद्दी यांच्या वापराची अट घालायची की नाही, याचा निर्णय राज्यांवर न सोडता केंद्राने घ्यायला हवा.